फायबरचा ड्रम डक्टमध्ये जायच्या आधी कसा तपासायचा

फायबरच्या कामात नवीन आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी जॉइंट मारायचा असतो. स्प्लायसर म्हणजे फायबर वितळवून जोडायचं मशीन, त्याच्या स्क्रीनवर काचेची दोन टोकं चिकटताना बघायला भारी वाटतं ते खरंय, पण ड्रम, म्हणजे केबल गुंडाळून येते ते मोठं रीळ, तपासायला बसवलं की तोंड वाकडं. मीपण त्यातलाच. तासगाव रोडला आमचं काम चालू होतं, ड्रम संध्याकाळी आला, उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत रस्त्याकडंची खोदाई बुजवायची घाई होती (गळीत हंगामात त्या रस्त्यावर एकदा काम करून बघा म्हणजे कळेल), म्हणून म्हटलं कारखान्यातून आलाय म्हणजे बराच असणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ डक्टमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाईपमध्ये, ओढला. जॉइंटर आला तर केबलच्या आतल्या हिरव्या ट्यूबमधले सहापैकी चार फायबर साठ मीटरवर मेलेले. केबल बाहेर काढली तर तिथं सालीला बारीक भोक, आणि ड्रमच्या फळ्या अजून तिथंच पडल्या होत्या त्यातल्या एका फळीला भला लांब खिळा. सप्लायर म्हणाला ओढताना तुम्हीच तोडली. आमच्याकडं नाही म्हणायला एक कागद नव्हता, एक फाईल नव्हती. पैसे बिलातून कापून गेले.

तर ड्रम टेस्ट मुख्य म्हणजे ह्यासाठी. केबल चांगली का वाईट हे कळतंच, पण ती वाईट कुणाच्या हातात झाली हे ठरवायला तेवढी एकच संधी असते. माल जमिनीवर असेपर्यंत दोष त्यांचा, १६५ सेंटीमीटर खाली गेला की तुमचा. मग तो खणून काढायचा खर्च, शेतकऱ्याची बोलणी, परत परवानगी, सगळं तुमचंच.

ट्रक दारात आला की

आधी चलनवर सही करू नका. ड्रायव्हरला घाई असतेच, त्याला परत पुण्याला जायचं असतंय, पण पाच मिनिटं थांबवा. ड्रमभोवती एक चक्कर मारा. कडेचं गोल चाक, म्हणजे फ्लँज, कुठं फुटलंय का, वरच्या फळ्या निघाल्यात का, ड्रम आडवा टाकून आणलाय का. आडवा आणलेला ड्रम दिसला की शंका घ्यायचीच, कारण त्यात वेढे एकमेकांवर घसरतात आणि ओढताना अडकतात. दोन्ही टोकांवर टोप्या आहेत का बघा, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर टोक उघडंच आहे असं समजा. सगळ्याचे फोटो काढा, ड्रम नंबर दिसेल असा एक तरी. आणि सही करताना त्याच कागदावर "माल तपासणीच्या अधीन राहून घेतला" एवढं हातानं लिहा. एका ओळीचं काम आहे पण नंतर लई कामाला येतं.

उतरवायला हायड्रा क्रेन किंवा ड्रमच्या मधल्या भोकात रॉड घालून जेसीबीला साखळी. टायर टाकून त्यावर ड्रम ढकलून द्यायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे, मी किती जणांना सांगून थकलो. गडगडवायचाच झाला तर थोडाच, आणि फ्लँजवर बाण रंगवलेला असतो त्याच दिशेनं, नाहीतर वेढे सैल पडतात.

मग केबलच्या सालीवर छापलेले मीटरचे आकडे. बाहेरच्या टोकाला समजा २०१४ आहे आणि आतल्या टोकाला ३, तर केबल २०११ मीटर. आकडे शून्यापासूनच सुरू होतात असं नाही, ४,५०० पासून ६,५०० पर्यंतसुद्धा असतात, वजाबाकी करायची. हा आकडा वहीत लिहा, पुढं लागणार आहे. ड्रमसोबत कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, बऱ्याचदा प्लास्टिकच्या पाकिटात फ्लँजला ठोकलेलं असतं आणि गोडाऊनचा माणूस ते फेकून देतो. ते जपून ठेवा, त्यात प्रत्येक फायबरचा लॉस (प्रकाश किती कमी होतो ते, डीबीमध्ये) आणि काचेचा आयओआर (अपवर्तनांक, काचेत प्रकाश किती हळू जातो तो आकडा) असतो.

काय काय लागतं

ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून दोष कुठं आहे ते दाखवणारं मशीन, तर पाहिजेच, १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्ही वेव्हलेंथ असलेलं. लाँच केबल, म्हणजे डबीत गुंडाळलेला पाचशे मीटर किंवा एक किलोमीटरचा फायबर. स्ट्रिपर, क्लीव्हर (फायबरचं टोक सरळ कापायला), आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सोडणारे टिश्यू, साल कापायचा कटर, ट्यूब कटर, जेल काढायचं लिक्विड, टोपी आणि ती आकसवायला ब्लो टॉर्च, मार्कर. एक रिकामी पाण्याची बाटली, फायबरचे तुकडे टाकायला. ही बाटली विसरू नका. फायबर १२५ मायक्रॉनचा, केसाएवढा, बोटात शिरला तर दिसत नाही आणि निघतपण नाही. आणि वडापाव त्या टेबलावर आणायचा नाही म्हणजे नाही, हात धुऊन लांब जाऊन खायचा.

जागा सावलीची आणि बिनवाऱ्याची. जत, कवठेमहांकाळकडं एप्रिलमध्ये उघड्यावर क्लीव्ह करून बघा, धूळच धूळ, दहातले चार क्लीव्ह वाया. आम्ही बोलेरोच्या मागच्या सीटवर बसून करतो. ड्रम उभा ठेवून दोन्ही बाजूंनी दगड लावा म्हणजे सरकणार नाही.

टोक उघडायचं

ओटीडीआरला एकच टोक लागतं, त्यामुळं आतल्या टोकाला हात लावायची गरज नसते, बाहेरचंच उघडायचं. पहिला मीटर-दोन मीटर तुकडा सरळ कापून टाका, तो दबलेला, वाकलेला असतो आणि त्यावरून निकाल काढण्यात अर्थ नसतो. कापलं की नवीन टोकाचा मीटर आकडा परत लिहा. मग साधारण एक मीटर साल काढायची, आत दोरा असतो तो ओढला की साल फाटत जाते. आर्मर्ड केबल असेल तर आत पत्रा असतो, हातमोजे घाला, त्या पत्र्यानं बोट चिरतं आणि मग दिवसभर अल्कोहोल त्यावर लागून जीव जातो.

इथं एक गोष्ट डोळ्यानं आणि नाकानं बघायची. जेल कसं आहे? स्वच्छ, चिकट असेल तर ठीक. गढूळ, पांढरट, पाणी सुटलेलं असेल तर टोपीतून पाणी गेलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा सखल भागातल्या यार्डातले ड्रमपण पाण्यात होते. असा ड्रम लगेच भंगारात काढायचा नाही, टोकाकडून तीन-चार मीटर कापत कोरडं जेल लागेपर्यंत जायचं आणि मगच टेस्ट. पण आतल्या टोकाकडूनपण तेच बघावं लागतं हे लक्षात ठेवा.

ट्यूब आणि फायबरचे रंग पाठ करा, एकच क्रम आहे: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. चोवीस फायबरची केबल बऱ्याचदा चार ट्यूब गुणिले सहा अशी असते, म्हणजे हिरव्या ट्यूबमधला नारंगी फायबर हा चौदावा. सुरुवातीला ट्यूबलाईटच्या उजेडात राखाडी आणि पांढरा, गुलाबी आणि लाल हे घोटाळे सगळ्यांचेच होतात. दिवसाउजेडी करा.

फायबर जोडणं

जेल नीट पुसा. मग वरचं रंगीत कोटिंग स्ट्रिपरनं काढा, अल्कोहोलच्या टिश्यूनं एकदाच पुसा, पुसताना कुईं असा आवाज आला की काच स्वच्छ झाली. मग क्लीव्ह. क्लीव्ह केल्यावर परत पुसायचं नाही, टोक कशाला टेकवायचं नाही.

आता हा फायबर लाँच केबलला कसा लावायचा त्याचे तीन रस्ते. बेअर फायबर अडॅप्टर (उघडा फायबर तात्पुरता घालायचा कनेक्टर), मेकॅनिकल स्प्लाइस (दोन टोकं न वितळवता समोरासमोर धरणारा तुकडा), किंवा सरळ फ्यूजन स्प्लायसरनं तात्पुरता जॉइंट. माझं मत विचाराल तर स्प्लायसर हाताशी असेल तर तोच वापरा, बॅटरी वाचवायच्या नादात लोक अडॅप्टरवर करतात आणि मग प्रत्येक फायबरला पाच-पाच मिनिटं पुढं-मागं सरकवत बसतात. स्प्लायसरवर जॉइंट मारला, स्लीव्ह (जॉइंटवरची संरक्षक नळी) न घालता तसाच धरून ठेवला, टेस्ट झाली की तोडला, पुढचा. मेकॅनिकल स्प्लाइस वापरलीत तर मधलं मॅचिंग जेल धुळीनं खराब होतं, आठ-दहा फायबरनंतर बदला.

लाँच केबल का लागते हा प्रश्न नवीन माणूस विचारतोच. ओटीडीआर म्हणजे विहिरीत हाक मारून किती वेळानं आवाज परत येतो ते ऐकण्यासारखं आहे. तो प्रकाशाचा एक ठोका सोडतो आणि काचेतून कणाकणानं मागं उधळलेला उजेड मोजत बसतो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, त्यावरून अंतर काढतो. पण हाक मारतानाच कानाला दडे बसतात, म्हणजे ठोक्याच्या लगेच नंतरचं त्याला काही दिसत नाही, त्याला डेड झोन म्हणतात. लाँच केबल नसेल तर ड्रमचे पहिले काही मीटर त्या आंधळ्या जागेत जातात, आणि खिळा तर बाहेरच्या थरातच असतो.

सेटिंग

ऑटोवर टाकू नका. मशीन ऑटोमध्ये स्वतःच्या मनानं पल्स, म्हणजे तो प्रकाशाचा ठोका, मोठा करतं आणि बारीक दोष पुसले जातात. दोन किलोमीटरचा ड्रम आणि एक किलोमीटर लाँच असेल तर रेंज पाच किलोमीटर. पल्स तीस ते शंभर नॅनोसेकंद. शंभर नॅनोसेकंदाचा पल्स म्हणजे साधारण दहा मीटरचा ठसा, एक मायक्रोसेकंद म्हणजे शंभर मीटर, तेवढ्यात काय काय लपतं बघा. ॲव्हरेजिंग, म्हणजे मशीन परत परत मोजून सरासरी काढतं तो वेळ, पंधरा ते तीस सेकंद. आयओआर सर्टिफिकेटवरचा, साध्या जी ६५२ डी जातीच्या फायबरला तो १.४६७-१.४६८ च्या आसपास असतो. आधीच्या साईटवर कुणी १.४६० टाकून ठेवलं असेल तर दोन किलोमीटरला अकरा मीटरचा फरक पडतो आणि तुम्ही केबल जास्त आली म्हणून खूश होऊन बसाल.

मशीन चालू असताना फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून तर जास्त धोका.

ट्रेस वाचायचा कसा

स्क्रीनवर जी रेघ उमटते ती ट्रेस. सुरुवातीला उंच टोक, मग लाँचची सरळ उतरती रेघ, मग तुमचा जॉइंट, मग ड्रमची रेघ, शेवटी एक उंच टोक आणि त्यापुढं गवतासारखी खरखर. शेवटचं टोक उंच नाही आलं म्हणून घाबरू नका, आतलं टोक वेडंवाकडं कापलेलं असतं, तिथून परावर्तन येतंच असं नाही. लांबी बरोबर असली की झालं.

रेघ सरळ पाहिजे. एक कर्सर जॉइंटच्या थोडा पुढं, दुसरा शेवटाच्या थोडा अलीकडं ठेवून एलएसए लॉस (मधल्या सगळ्या बिंदूंतून सरळ रेघ बसवून काढलेला) घ्या. केबलमधल्या फायबरला १३१० वर किलोमीटरला साधारण ०.३५ आणि १५५० वर ०.२२ डीबीच्या आसपास येतं, पण चालतो तो तुमच्या पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, लिहिलेला आकडा, माझा नव्हे. (१९७० साली कॉर्निंग या अमेरिकन कंपनीनं हा लॉस किलोमीटरला वीस डीबीच्या खाली आणला तेव्हा जगात गाजावाजा झाला होता, आज आपण १५५० वर ०.२५ आला तरी ड्रम परत पाठवायच्या गोष्टी करतो.) दोन किलोमीटरच्या तुकड्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाला फार चिकटू नका, कर्सर जरा हलवला तरी तो बदलतो. शंका आली तर ॲव्हरेजिंग वाढवून परत घ्या.

मधेच पायरी दिसली, म्हणजे रेघ एकदम खाली उतरली, तर खरी मजा तिथं आहे. एकाच फायबरला पायरी, दोन्ही वेव्हलेंथला सारखीच, तर दोष त्या काचेतला. सगळ्या फायबरना एकाच मीटरवर पायरी, आणि १५५० वर ती १३१० पेक्षा मोठी, तर तिथं केबल दबलीय किंवा मुडपलीय. वाकलेल्या फायबरमधून १५५० लवकर गळतो, म्हणून दोन्ही वेव्हलेंथ घ्यायच्या, नुसतं १३१० घेणारा माणूस दबलेली केबल बिनदिक्कत पास करतो. आणि थोड्या थोड्या अंतरानं, ड्रमच्या एका वेढ्याएवढ्या अंतरानं पायऱ्या परत परत दिसल्या तर ड्रमला एका जागी मार बसलाय किंवा काहीतरी आत घुसलंय. ड्रमचा घेर टेपनं मोजा, पायऱ्यांमधल्या अंतराशी ताडून बघा. पल्स मोठा असेल तर ह्या पायऱ्या एकमेकींत मिसळून नुसती कलती रेघ दिसते, तेव्हा मशीनमधला सगळ्यात बारीक पल्स लावून परत घ्या. आमच्या एका जुन्या जॉइंटर काकांनी असं मोजून फळी न काढता बाहेरून बोट ठेवून दाखवलं होतं, इथं खिळा आहे म्हणून. फळी काढली, होता.

पायरी किती चालते? ०.०५ डीबीच्या आत असेल तर मी सोडतो, ०.१ च्या वर गेली की ड्रम बाजूला. मधलं असेल तर दुसऱ्या टोकाकडून घेऊन बघतो, कारण ओटीडीआर एका बाजूनं कधी कमी कधी जास्त दाखवतो, दोन्ही बाजूंची सरासरी खरी.

लांबीचं एक गणित नव्या लोकांना गोंधळात टाकतं. साल २०११ मीटर आणि ट्रेसवर फायबर २०४१ मीटर. चूक नाही ती. ट्यूबा मधल्या काडीभोवती पिळून घातलेल्या असतात आणि त्यात फायबर जरा सैल असतो, त्यामुळं फायबर केबलपेक्षा लांब. इथं दीड टक्का जास्त. हा टक्का ड्रमच्या कागदावर लिहून ठेवा, कारण दोन वर्षांनी पलूसकडं कुणाच्या नांगरानं केबल तुटली आणि ओटीडीआरनं १३४० मीटर दाखवलं तर केबलवरचं खरं अंतर १३२० येतं. वीस मीटर उसात चुकीच्या जागी खणलं तर मालक काय म्हणेल ते इथं लिहिता येणार नाही.

आधी स्वतःवर शंका घ्या

मी एकदा पूर्ण चांगला ड्रम परत पाठवायला निघालो होतो, चोवीसच्या चोवीस फायबरला मधोमध उंच टोक दिसत होतं. साहेबांना फोन झाला, सप्लायरला मेल झाला. मग कुणीतरी म्हणालं लाँचचा कनेक्टर बघ. त्यावर धूळ. माझ्या लाँचच्या पुढच्या टोकाला पिगटेल (एका बाजूला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) लावला होता, त्या घाणेरड्या जोडावरून उजेड मशीनकडं येऊन परत उलटा जात होता आणि लाँचच्या दुप्पट अंतरावर भूत उभं करत होता. लाँच एक किलोमीटर, भूत दोन किलोमीटरवर. ओळखायची खूण अशी की टोक दिसतं पण त्याच्या आधीची आणि नंतरची रेघ त्याच पातळीत असते, लॉस काहीच नाही. कनेक्टर पुसला, गायब. मेल मागं घेताना जी लाज वाटली ती अजून आठवते.

तेव्हापासून नियम केला, सगळ्या फायबरला सारखाच दोष दिसला तर आधी कनेक्टर, मग लाँच, मग क्लीव्हर, आणि मगच ड्रम. एक फायबर वाईट आला तरी तीनदा नवीन क्लीव्ह करून बघायचा.

कुणी म्हणेल चोवीसमधले चार तपासले तर चालतील की. नाही चालत. माझ्या त्या तासगावच्या ड्रममध्ये वीस फायबर सुरेख होते. चोवीस फायबरला दोन माणसांना दीड-दोन तास लागतात, एकानं सोलायचं, एकानं मशीन बघायचं. लेझर पेन, तो लाल उजेडाचा, फक्त फायबर सलग आहे का आणि रंगांची अदलाबदल नाही ना एवढंच सांगतो. तोही दुपारच्या उन्हात दिसत नाही, तळहाताची सावली करून बाजूनं बघायचं. लॉस त्यातून कळत नाही.

कागद आणि टोपी

प्रत्येक ट्रेस मशीनमध्ये सेव्ह करा, स्क्रीनचा फोटो चालत नाही, एसओआर फाईल, म्हणजे मशीनची मूळ ट्रेस फाईल, पाहिजे. नाव असं ठेवा की झोपेतपण कळलं पाहिजे: ड्रम नंबर, फायबर नंबर, वेव्हलेंथ. मशीनची तारीख-वेळ बरोबर आहे का आधी बघा, २००० सालची तारीख असलेली फाईल कुणी पुरावा म्हणून धरत नाही. त्याच दिवशी सप्लायरला आणि साहेबांना पाठवून द्या, चांगला असला तरी. वाईट असेल तर ड्रमवर लाल रंगानं "थांबवा" लिहा आणि वेगळा ठेवा, नाहीतर रात्रीची गँग येते आणि जो जवळ असेल तो उचलते.

टोक परत बंद करायचं. सोललेला भाग कापून, आकसणारी टोपी घालून, टॉर्चनं सगळीकडून नीट आवळून. प्लास्टिकची पिशवी आणि सुतळी हा प्रकार माण-खटावात एखादवेळी खपेल, पाटण, महाबळेश्वरकडं पावसाळ्यात ड्रम चार दिवस उघड्यावर राहिला तरी संपलं. शेवटचा मीटर आकडा परत लिहा, कारण तुम्ही तीन-चार मीटर कापलेत आणि बिलाच्या वेळी त्याचा हिशोब विचारतात.

केबल डक्टमधून ओढून झाली की जॉइंट मारायच्या आधी तोच ओटीडीआर, तीच लाँच, तेच पल्स आणि तोच आयओआर लावून परत ट्रेस घ्यायचा आणि ड्रमच्या वेळच्या फाईलवर चढवून बघायचा. बाहेरचं टोक ओढताना पुढं गेलं असेल तर त्याच टोकाकडून घ्या म्हणजे मीटर जुळतात. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर जॉइंटरला बोलवा. नवीन पायरी उगवली असेल तर ती आपली, मग त्या मीटरवरचा चेंबर उघडून बघा, बहुतेक वेळा तिथं केबलचं वेटोळं लहान करून कोंबलेलं असतं, मोकळं केलं की पायरी जाते.